होल्मफ्रिदचा जोड

पानगळ सुरू झाली की स्कोप्ती फेरीवाला बिर्काच्या धक्क्याला लागायचा आणि मोडीचं पोतं खांद्यावर मारून थेट वेमुंड ओताऱ्याच्या दारात यायचा. तुटकी बक्कलं, दात झिजलेल्या किल्ल्या, लगामाच्या कड्या, भोक पडलेली भांडी, असं गावोगावच्या बायकांनी मिठाच्या नाहीतर सुयांच्या बदल्यात दिलेलं काहीबाही त्या पोत्यात असे. ते निवडायचं काम वेमुंडच्या बायकोचं, रानवेगचं. उंबऱ्यापाशी सपाट दगड घेऊन ती बसायची, शिसं वेगळं, कासं वेगळं करायची, आणि जे मुशीत मावणार नाही ते हातोडीने ठेचून लहान करायची.

"या खेपेला माल चांगला आहे, वहिनी," स्कोप्ती म्हणाला.

"मागच्या खेपेलाही हेच म्हणालास. निम्मं शिसं निघालं."

"शिसं पोत्यात होतं, माझ्या मनात नव्हतं."

आत भात्यापाशी बसलेला वेमुंड हसला. मुशीच्या धगीने त्याचे डोळे अधू झाले होते. नक्षी तो आता बोटांनीच जास्त बघायचा, पण कान तिखट होते.

पोत्याच्या तळाला चिंधीत गुंडाळलेले दोन ब्रोच निघाले. अंड्याच्या अर्ध्या कवचासारखे फुगीर, वर एकमेकांचे पाय पकडून बसलेली जनावरं, मधल्या गोळ्यांवर सोन्याचा मुलामा. लग्न झालेली बाई झग्याचे खांद्यावरून आलेले पट्टे छातीशी अशाच जोडाने अडकवते. एकावर कुणीतरी घाव घातला होता, पण तो नीट बसला नव्हता. रानवेगने हातोडी उचलली आणि सवयीने ब्रोच पालथा केला. मग हातोडी खाली ठेवली.

एका साच्यावरून ओतलेले जोड वरून सारखेच दिसतात. ओळख पटते ती पाठीवर. ओली माती नक्षीवर दाबून साचा उठवला की त्याच्या आत मेणात भिजवलेला कापडाचा तुकडा बसवायचा, त्यावर पुन्हा माती दाबायची, आणि मग कापड काढून घ्यायचं. कापडाच्या जाडीइतकी पोकळी राहते, तिच्यात वितळलेल्या काशाचा रस जातो. कापड हाती परत येतं, पण त्याची वीण काशाच्या पाठीवर उमटून बसते. नक्षी वेमुंडची, कापड रानवेगचं, असं त्यांचं आयुष्यभर चाललं होतं. या ब्रोचाच्या पाठीवरची वीण तिरकी होती आणि मध्येच एक धागा दोनदा ओढला गेला होता. ते कापड होल्मफ्रिदने विणलेलं होतं, पहिल्यांदा मागावर बसली तेव्हा. तिच्या लग्नाचा जोड ओतायचा होता त्या दिवशी रानवेगने पेटीतून मुद्दाम तेच काढलं होतं. सासरी गेल्यावर माहेरचं काहीतरी अंगाशी राहावं, एवढाच विचार.

होल्मफ्रिद त्यांची एकुलती मुलगी. याच वसंतात ती तापाने गेली होती. जोड अंगावर तसाच ठेवून तिला मानाने पुरलं, असा सासरचा निरोप होता.

रानवेग उठून आत गेली आणि दोन्ही ब्रोच वेमुंडच्या मांडीवर ठेवले. त्याने अंगठा पाठीवरून फिरवला. दोनदा ओढलेल्या धाग्यापाशी अंगठा थांबला.

तो म्हणाला, "थडगं फोडलंय कुणीतरी."

"नाही फोडलेलं. अख्खा उन्हाळा जमिनीत पडलेलं कासं कसं दिसतं ते तुला मी सांगू? हिरवं कुठे आहे याच्यावर? नक्षीच्या फटीत माती नाही. हाताचा मळ आहे. हा जोड जमिनीत गेलेलाच नाही, वेमुंड."

रानवेग दारात आली. स्कोप्ती पोतं झटकत होता.

"हे कुणी दिलं तुला?"

"एल्वबीच्या म्हातारीने. ग्यूरिदने. धार लावायचे दगड घेतले बदल्यात." तिचा चेहरा बघून त्याने पोतं खाली ठेवलं. "काय झालं? म्हणाली, असाच्या असा कुणाला विकू नकोस, ठेचून टाक. एक घाव तर तिनेच घातला माझ्यासमोर. मला वाटलं, सुनेबिनेवर राग असेल."

"सून होती ती माझी मुलगी," रानवेग म्हणाली.

एल्वबी हे होल्मफ्रिदचं सासर, सरोवराच्या उत्तर काठाचं. वेमुंडने मुलगी देताना घर बघितलं तसं त्या घरामागचं रानही बघितलं होतं. बिर्का म्हणजे एक बेट, त्यावर घराला घर लागलेलं. ओताऱ्याला लागतो तेवढा कोळसा तिथे कुठून येणार? तो मिळवता मिळवता वेमुंड मेटाकुटीला आला होता. होल्मफ्रिदचं लग्न झालं त्या हिवाळ्यापासून ती विवंचना संपली. सरोवर गोठलं की जावई ओनुंद बर्फावरून कोळशाच्या घसरगाड्या पाठवायचा. काळाभोर, खणखणीत वाजणारा बर्चचा कोळसा. वेमुंडची भट्टी तेव्हापासून थंड पडली नव्हती.

गेल्या हिवाळ्यात, यूलच्या सणाला अशाच एका गाडीवर कोळशाच्या पोत्यांमध्ये बसून होल्मफ्रिद माहेरी आली होती. चुलीपाशी बसली, वाटीभर गरम बिअर प्यायली, आणि म्हणाली, "मी आता परत जाणार नाही."

"मारतो का?" रानवेगने विचारलं.

"नाही. तो काहीच करत नाही. सासू करते ते बघत बसतो." तिने छातीवरून हात फिरवला. तिथे आईने दिलेला जोड नव्हता, मेंढीच्या हाडाच्या दोन पिना होत्या. "दुसरं मूल पोटात गेलं तेव्हापासून जोड काढून घेतलाय. पेटीत कुलूप लावून ठेवते. म्हणते, आई झालेल्या बाईचं लेणं आहे हे. पाहुणे आले की घालायला देते, ते गेले की हात पुढे करते. धक्क्यावर आलेल्या एका माणसाने मला मोलकरीण समजून घोड्याचा लगाम हातात दिला, आई. मीही मुकाट्याने धरला."

रानवेगने वेमुंडकडे बघितलं. वेमुंड दारातून बाहेर, उतरवून ठेवलेल्या पोत्यांकडे बघत होता. शेवटी बोलली ती रानवेगच. पुढचं मूल राहिलं की सगळं सुरळीत होईल, म्हातारी काही जन्माला पुरायची नाही, असं काहीसं. मुलीच्या केसांची घट्ट वेणी घातली, लोकरीचे नवे मोजे दिले, आणि रिकाम्या गाडीवर बसवून परत पाठवली. होल्मफ्रिदने वाद घातला नाही. तिने वाद घातला असता तर, असं रानवेगच्या मनात नंतर अनेकदा आलं.

वसंतात एक काळ असा येतो की बर्फ माणसाला पेलत नाही आणि होडीला वाट देत नाही. बेटावरचे लोक बेटावर, काठावरचे काठावर. तो काळ संपला आणि पहिल्या होडीने निरोप आला. उन्हाळ्याच्या तोंडाला दोघं एल्वबीला गेली. तिच्या थडग्यावरच्या नव्या मातीच्या उंचवट्यावर त्यांनी बिअर ओतली. वेमुंड ओनुंदबरोबर रान बघायला गेला, रानवेग उंचवट्यापाशी बसून राहिली होती. तो प्रसंग आता तिला पुन्हा पुन्हा आठवत होता.

"म्हातारीचा जीव सुटला नसेल जोडावरून," वेमुंड म्हणाला. "काढून घेतला असेल पुरताना. मेलेल्याला काय कळतंय? तू सोड हा विषय."

"तू सोड. मी जाते."

"काय करणार जाऊन?"

"विचारणार."

त्याने थोडा वेळ भाता मारला, मग म्हणाला, "दोन्ही नेऊ नकोस. हिसकावून घेतील. एक असू दे इथे."

ते तिला पटलं. एक ब्रोच चिंधीत गुंडाळून तिने झग्यात खोवला आणि स्कोप्तीच्या होडीत बसली.

एल्वबीला पोचली तेव्हा ग्यूरिद अंगणात कांदे सोलत होती. रुंद हाडाची, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लटकवलेली बाई. तिने मान वर केली, पण उठली नाही.

"विहीणबाई, न कळवता आलात?"

"कळवून आले असते तर काय, नवा झगा घालून बसणार होतात?"

"घातला असता. तुमच्यासारखं बिर्काचं कापड कुठलं आमच्याकडे." तिने आत हाक मारली. "आल्वोर, पाणी आण गं. पाहुण्या आल्यात."

पाणी घेऊन आलेली मुलगी कोवळी होती, आणि पोटुशी. ओनुंदने दुसरं लग्न केल्याचं रानवेगच्या कानावर होतं, त्यात वावगंही काही नव्हतं. पण त्या मुलीच्या झग्याचे पट्टे हाडाच्या पिनांनी अडकवलेले होते, आणि ते बघून रानवेगने पाणी न पिताच खाली ठेवलं.

संध्याकाळच्या जेवणाला ओनुंद भट्टीवरून आला. उंच, खांदे पाडून चालणारा, नखांपर्यंत काळा. सासूला बघून त्याने मान लववली आणि आपल्या जागी बसला. जवाची पेज वाढली गेली. रानवेगने चिंधी सोडून ब्रोच पाटावर ठेवला.

ग्यूरिदने त्याच्याकडे नुसतं बघितलं. "एकच? दुसरा कुठे गेला?"

"दुसरा घरी आहे. मला निरोप होता की हा जोड माझ्या मुलीच्या अंगावर आहे."

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगितलं तसं. ठेवून घेतला मी. तुमच्या दारात कासं पायाखाली येतं, विहीणबाई. आमच्याकडे धारेचा दगड नसला तर कापणी अडते. मेलीच्या छातीवर सोनं लावलेलं कासं कुजवायचं आणि जित्यांनी दातांनी गवत कापायचं, होय?"

कुणालाही पटावं असं बोलणं होतं. चिक्कू सासू मेल्या सुनेच्या अंगावरचं काढते, यात नवल ते काय? रानवेगलाही क्षणभर वाटलं, एवढंच असेल.

"बरं," ती म्हणाली. "झालं ते झालं. उद्या उंचवटा उघडा. एवढा एक तरी मी माझ्या हाताने तिच्या अंगावर घालते आणि जाते."

ग्यूरिदचा पळीचा हात भांड्यावर थांबला. इतका वेळ खाली मान घालून पेज खाणारा ओनुंद म्हणाला, "नाही."

"का नाही?"

"मेलेल्याला उठवू नये."

"उठली तरी ओळखीचीच आहे मला."

"तिला तशीही बाहेर पडायची फार हौस," ग्यूरिद बोलून गेली, आणि लगेच पळी भांड्यात आपटून म्हणाली, "जेवा. गार होतंय."

आल्वोर वाडगी गोळा करत होती, तिच्या हातातलं एक पडलं. ते फुटलं नाही, तरी ग्यूरिदने तिला जनावर म्हटलं.

सकाळी रानवेग गोठ्यात गेली. आल्वोर दूध काढत होती. पोट आड येत असल्यामुळे तिला गायीला नीट टेकता येत नव्हतं. रानवेगने तिला बाजूला केलं आणि स्वतः बसली.

"मावशी," मुलगी हळूच म्हणाली, "उंचवट्यात कुणी नाही."

रानवेगचे हात चालूच राहिले.

"मागाला बांधायचे मातीचे गोळे आहेत आणि एक जुनं मेंढीचं कातडं. मला सासूबाईंनीच सांगितलं. भीती घालायला. म्हणाल्या, पळून जाशील तर तुझ्याही नावाने गोळे पुरीन, कुणी विचारायला येणार नाही. ती पळाली होती. बर्फ कुजलं होतं तेव्हा. माहेरी निघाली होती."

"आणि ओनुंद?"

"तो तिच्या मागावर गेला होता. काय झालं ते सांगत नाही. झोपेत बरळतो कधी. 'मला पेलणार नाही, मला पेलणार नाही,' एवढंच." तिने पाठ चोळली. "मावशी, मी सांगितलं म्हणून सांगू नका."

रानवेगने दुधाची बादली तिच्या हाती दिली आणि रानाची वाट धरली.

कोळशाची भट्टी म्हणजे लाकडं रचून वर मातीने आणि हिरवळीने झाकलेला ढीग. त्याच्या कुशीतून धूर झिरपत होता आणि ओनुंद फावड्याने भेगा लिंपत होता. भेग राहिली तर आत ज्वाळ धरते आणि सगळी राख होते, म्हणून त्याला काम सोडता येत नव्हतं. ती जवळ येऊन उभी राहिली तरी तो लिंपत राहिला.

"तिला बर्फावर तू बघितलंस," ती म्हणाली. विचारलं नाही.

फावडं थोडं थांबलं. "कुणी सांगितलं?"

"तू सांग."

तो ढिगाकडे बघत बोलू लागला. "सकाळी अंथरुणात नव्हती. पावलं काठापर्यंत होती. लांब गेली होती ती, सासूबाई. मला वाटलं नव्हतं इतकी लांब जाईल. अर्ध्या वाटेवर बर्फ काळं पडलं होतं, तिथे फुटलं. कोपरं कडेवर टेकून लटकली होती. मी हाक मारली. तिने बघितलं माझ्याकडे. मी आणखी पुढे गेलो तर माझ्या पायाखाली कडकडलं. मी तिच्या दुप्पट वजनाचा. मला पेललं नसतं."

"मग?"

"दोर आणायला घरी गेलो."

"धावत गेलास की चालत?"

ढिगाला एक नवी भेग पडली होती, तिच्यातून निळसर धूर येत होता. त्याने ती बघितली, पण फावडं उचललं नाही.

"आठवत नाही मला," तो शेवटी म्हणाला. "खरंच आठवत नाही. परत आलो तेव्हा नुसतं पाणी होतं. आईने म्हटलं, बायको पळाली आणि बुडाली हे लोकांना कशाला कळायला हवं. उंचवटा घातला की दोन्ही घरांची अब्रू राहते." त्याने पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत बघितलं. "आणि ती तुमच्याकडेच निघाली होती. यूलला तुम्ही ठेवून घेतली असती तर चांगलं जाड बर्फ होतं."

रानवेगने झग्यात परत खोवलेला ब्रोच मुठीत धरला.

"हे मी थिंगच्या न्यायसभेत सांगणार आहे," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर."

"सांगा. पण आधी नवऱ्याला विचारा. त्यांना उन्हाळ्यातच सांगितलंय मी. इथेच, या रानात उभं राहून."

परतीला स्कोप्तीच्या होडीत तिने एक वल्हं आपणच धरलं. तो शहाणा, त्याने विचारलं नाही.

वेमुंड भात्यापाशी होता. मूस भट्टीत होती आणि तिच्यातला रस पिवळा होऊन थरथरत होता. बाजूला नवा साचा तयार होता. रानवेगने फळीवरची पेटी उघडली. दुसरा ब्रोच तिथे नव्हता. तिने मुशीकडे बघितलं.

"घातलास?"

"एका लग्नघरचा जोड द्यायचा होता. कासं कमी पडत होतं."

"कासं कमी पडत होतं," ती म्हणाली. पोतंभर मोड कोपऱ्यात तशीच पडली होती.

वेमुंडने भाता सोडला. तोंड भट्टीकडेच ठेवून म्हणाला, "तुला सांगणार होतो. तुझ्याकडे बघितलं की जीभ उचलायची नाही. तू उंचवट्याशी बोलत बसली होतीस, रानवेग. तिच्याशी बोलत होतीस. मी काय सांगायचं होतं, की तू मातीच्या गोळ्यांशी बोलतेस म्हणून? मला वाटलं, निदान एक जागा आहे तुला रडायला. ती कशाला काढून घ्या."

"आणि कोळसा?"

त्याने भात्याची मूठ चाचपली.

"कोळसा येणार म्हणाला का तो? त्याच दिवशी?"

"विचारलं नाही मी. त्याने आपणहून सांगितलं, नेहमीसारखा येईल."

"आणि तू काय म्हणालास?"

"बरं म्हणालो," वेमुंड म्हणाला.

त्याने जे सांगितलं त्यात खोटं काही नसावं असं तिला वाटलं, आणि त्यामुळेच ती त्या घरात थांबू शकली नाही. तिने आपला जाड झगा, हातोडी आणि चाकू घेतला. शेजारच्या दोन घरच्या लोकांना दारात बोलावलं, आणि कायद्यात असतं तसं त्यांच्यासमोर स्पष्ट शब्दांत सांगितलं की आजपासून ती वेमुंडची बायको नाही. वेमुंडने अडवलं नाही. मुशीतला रस थंड होत चालला होता, तो ओतायचंही त्याला सुचलं नाही.

सरोवराचं पाणी पूर्वेला समुद्राकडे सरकतं. बर्फ फुटल्यावर जे काही पाण्यात असेल ते त्याच वाटेने जातं, हे कोळ्यांना माहीत असतं. रानवेग त्या वाटेवरच्या एकेका वस्तीला उतरत गेली. कधी मासे वाहणाऱ्या होडीत, कधी काठाकाठाने पायी. लोक दार उघडत, ऐकून घेत, मान हलवत. वसंतात माणसं वाहून येतातच. कुणाला आठवायचं, कुणाला नाही. सरोवराच्या कडा गोठायला लागल्या तेव्हा ती एका खडकाळ बेटावर पोचली. तिथे उन्ना नावाची विधवा कोळीण एकटीच राहायची. वाऱ्याने चामड्यासारखा झालेला चेहरा, आवाज पुरुषी.

"आली होती एक," उन्ना जाळ्याची गाठ मारता मारता म्हणाली. "लव्हाळ्यात अडकली होती. तांबडे केस."

"दात?"

"पुढचा एक अर्धा होता."

रानवेग दाराला टेकली. लहानपणी धक्क्यावरच्या दगडावर पडून होल्मफ्रिदने तो दात तोडून घेतला होता.

उन्नाच्या लक्षात यायला वेळ लागला. मग तिने जाळं बाजूला ठेवलं. "बाई, मला माहीत नव्हतं. अंगावर काही लेणं नव्हतं तिच्या. झग्याला हाडाच्या पिना. मला वाटलं, कुणाची तरी दासी असेल, पळालेली नाहीतर टाकून दिलेली. जोड असता तर मी चार घरी विचारलं असतं, कुणाची लेक, कुणाची बायको. दासीला कोण शोधत येतं? वर दगड रचले, कोल्ह्यांनी नेऊ नये म्हणून. त्याहून जास्त काही केलं नाही मी."

"दगड रचलेस ना," रानवेग म्हणाली.

बेटाच्या मागच्या अंगाला, वाऱ्याच्या आडोशाला, गुडघ्याएवढा दगडांचा ढीग होता. रानवेग तिथे उभी राहिली. उन्हाळ्यात रिकाम्या उंचवट्यापाशी तिने मुलीला कितीतरी सांगितलं होतं, आणि आता तोंडातून शब्द फुटेना. वारा झोंबत होता. उन्ना मागे उभी होती.

"नाव काय तिचं?"

"होल्मफ्रिद."

"आणला आहेस तो ब्रोच ठेव की तिच्यापाशी."

रानवेगने मान हलवली. "एकाने झगा राहत नाही अंगावर. आणि हा मला अजून लागणार आहे."

त्याच रात्रीपासून थंडी वाढली आणि होडी सुटायची बंद झाली. हिवाळाभर ती तिथेच राहिली. बर्फाला भोकं पाडून मासे धरायचं, ते वाळवायचं, जाळी सांधायची. उन्नाला आयतं माणूस मिळालं, आणि तिने कधी विचारलं नाही की तू जाणार केव्हा.

वसंतात थिंग भरली तेव्हा रानवेग सभेच्या कड्यात उभी राहिली आणि ब्रोच हातात धरून तिने सगळं सांगितलं. आल्वोरचं नाव घेतलं नाही. कायदा जाणणाऱ्या म्हाताऱ्यांनी आपसात बराच खल केला. बर्फावर जाणं त्या मुलीने आपणहून केलं, ते म्हणाले. नवऱ्याने ढकललं नाही. दोर आणायला धावत गेला की चालत, याला साक्षीदार नाही. त्याबद्दल ओनुंदला काही होऊ शकत नाही. पण खोटा उंचवटा घालून लोकांना त्यावर बिअर ओतायला लावणं ही फसवणूक आहे, आणि तो त्याने स्वतःच्या हाताने, सर्वांसमोर उघडावा.

ओनुंदने उघडला. सबंध पंचक्रोशी जमली होती. मेंढीचं कातडं निघालं, कुजून काळं झालेलं, आणि मातीचे गोळे एकेक करून गवतावर ठेवले गेले. कुणी हसलं नाही, शिवी दिली नाही. ग्यूरिद घराच्या दारात किल्ल्यांचा जुडगा मुठीत धरून उभी होती. आल्वोरचे दोन भाऊ आले होते. त्यांनी त्या गोळ्यांकडे बघितलं, मग बहिणीच्या छातीवरच्या पिनांकडे बघितलं, आणि सभा उठायच्या आत तिला बाळासकट घोड्यावर बसवून घेऊन गेले. तिला कुणी अडवलं नाही.

ब्रोच रानवेगने स्कोप्तीला दिला आणि बदल्यात मासे खारवायला मीठ घेतलं. तो नको म्हणत होता. मीठ असंच घे म्हणाला. तिने ऐकलं नाही.

वेमुंडची भट्टी पुढेही चालू राहिली. कोळसा दुसरीकडून येऊ लागला होता, ओला आणि धुरकट. कापडाच्या कामाला त्याने एक माणूस ठेवला होता, पण जोड पातळ निघायचे, कुठे भोक पडायचं, आणि ते त्याच्या बोटांना उशिरा कळायचं.

उन्हाळ्याच्या शेवटी एका होडीने त्याला उन्नाच्या बेटावर सोडलं. रानवेग खडकावर बसून मासे चिरत होती. त्याची चाहूल तिला लागली होती. कुणीतरी खडक चाचपत येतंय हे तिने दुरून बघितलं होतं.

"कुठे आहे?" त्याने विचारलं.

ती उठली, त्याचा हात धरून त्याला बेटाच्या मागच्या अंगाला घेऊन गेली, त्याचा तळवा वरच्या दगडावर टेकवला, आणि परत येऊन मासे चिरू लागली.

तो दिवसभर तिथे बसून होता. मध्ये एकदा तो काही बोलत असल्यासारखं वाटलं, पण वारा उलट होता. ऊन उतरल्यावर उन्ना त्याला हाताला धरून घेऊन आली. रानवेगने त्याच्यापुढे माशाच्या रश्श्याचं वाडगं ठेवलं. त्याने ते खाल्लं, बोटांनी तळ पुसून घेतला.

"परत येशील?" त्याने विचारलं.

"नाही."

त्याने मान हलवली. होडी आली तेव्हा उन्नाने त्याला चढायला मदत केली. रानवेगने वाडगं सरोवराच्या पाण्यात विसळलं आणि उरलेल्या माशांकडे वळली. अंधार पडायच्या आत ते मिठात घालायचे होते.